न खेळलेल्या डावाचा निवाडा

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत खेळाकडे केवळ करमणूक म्हणून कोणी पाहत नाही. यात्रांचे दिवस आले की कुस्तीच्या आखाड्यात आणि बैलगाड्यांच्या घाटात गावाची अब्रू पणाला लागते. कबड्डीचे सामने भरले की ओतूर-नारायणगावपासून मंचर-घोडेगावपर्यंत माणसे मैदानाभोवती दाटीवाटीने उभी राहतात. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या आवडीत एका नव्या विषयाची भर पडली. हंगाम संपल्यावर प्रत्येक संघ काही खेळाडू आपल्याकडे ठेवतो, काहींना मोकळे करतो आणि पुढे लिलाव होतो. मोकळे झालेल्यांत जे नामवंत असतात त्यांच्याविषयी फारसा वाद होत नाही. त्यांना दुसरे दार उघडणारच, हे सर्वांना ठाऊक असते. वाद रंगतो तो हंगामभर बहुतेक वेळ बाहेर बसून राहिलेल्या राखीव गड्याविषयी.

पारावर आणि चहाच्या दुकानात अशा वेळी दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "अंगात काही असते तर बाहेर कशाला बसला असता? गेला ते बरे झाले." दुसरा पक्ष तितक्याच आवेशाने म्हणतो, "त्याला खेळवलेच कुठे? खेळवले असते तर आज देशाच्या संघात दिसला असता." मग त्याच्या भवितव्याची भाकिते होतात. कोणी त्याला दुसऱ्या संघाचा कर्णधार करून टाकतो, कोणी वर्षभरात शेतावर परत पाठवतो. ज्याच्याविषयी हे चालले आहे त्याने प्रत्यक्ष मैदानावर काढलेली मिनिटे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी असतात. त्याच्यावर उधळलेले शब्द मात्र मोजता येत नाहीत.

वाचकहो, ही चर्चा निरुपद्रवी वाटते, आणि पुष्कळदा ती तशी असतेही. परंतु तिच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. ज्याची परीक्षाच झाली नाही त्या माणसाविषयी आपण काय म्हणू शकतो आणि काय म्हणू नये? असा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला असतो?

आधी राखीव गड्याची जागा नीट पाहू. कबड्डीचा संघ १२ जणांचा असतो. ७ मैदानात उतरतात, ५ बाहेर बसतात. या खेळात एक सुंदर नियम आहे. बाद झालेला गडी कायमचा बाद होत नाही. आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी टिपला की तो पुन्हा जिवंत होतो, आणि बाद झालेले ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. बाद होणाऱ्यालाही आपली पाळी ठाऊक असते. बाहेर बसलेल्या पाचांना मात्र असा कोणताही क्रम नाही. त्यांचे बोलावणे दुसऱ्याच्या दुखापतीवर, दुसऱ्याच्या थकव्यावर किंवा प्रशिक्षकाच्या क्षणिक निर्णयावर अवलंबून असते. सरावात इतरांइतकाच घाम गाळायचा, सामन्याच्या दिवशी अंग गरम करून तयार राहायचे, आणि बहुतेक वेळा तसेच परत जायचे, असा त्यांचा दिनक्रम.

महाराष्ट्राच्या क्रीडाक्षेत्रात या प्रतीक्षेचे सर्वांत ठळक उदाहरण कबड्डीतील नसून क्रिकेटमधील आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६, दोघेही नाबाद. त्यांच्यानंतर फलंदाजीला जायचे होते अमोल मुझुमदार यांना. ते पॅड बांधून बसून राहिले. त्यांची पाळी आलीच नाही. पुढे १९९३-९४ च्या हंगामात त्यांनी मुंबईकडून रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यातील हा विक्रम २०१८ पर्यंत जगात कोणी मोडू शकला नाही. २००६-०७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. कारकीर्द संपली तेव्हा त्यांच्या नावावर १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा आणि ३० शतके होती. भारताकडून मात्र त्यांना एकही सामना खेळता आला नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. मुंबईच्या संघाचा आधारस्तंभ असलेला हा फलंदाज देशाच्या हिशेबात मात्र कायम राखीवच राहिला.

२००९ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. आधी आसाम, नंतर आंध्र, आणि २०१४ मध्ये निवृत्ती. मुंबई सोडताना जी चर्चा झाली ती आपल्या पारावरच्या चर्चेहून वेगळी नव्हती. काहींच्या मते मोठ्या मैदानाला लागणारा कस त्यांच्यात नव्हता. काहींच्या मते हा भारतीय क्रिकेटमधील सर्वांत मोठा अन्याय होता. दोन्ही पक्षांजवळ पुरावा एकच, तोही अभावाचा: न मिळालेला सामना.

त्याही आधीचे उदाहरण पद्माकर शिवलकर यांचे. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले. एका बळीमागे जेमतेम २० धावा. परंतु त्यांच्याच काळात, त्यांच्याच शैलीचे बिशनसिंग बेदी भारताकडून खेळत होते, आणि संघात जागा एकच होती. मार्च २०२५ मध्ये शिवलकर निवर्तले, ते कसोटीची टोपी न घालताच. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही कथा तीच. सुनील गावसकर यांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर पुस्तक लिहिले तेव्हा कसोटी न खेळलेल्या या दोघांचाही त्यात समावेश केला. ज्याने प्रत्यक्ष त्यांचे चेंडू खेळले होते त्याचा हा अभिप्राय होता.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला ॲरिस्टॉटलचा एक भेद शिकवला जातो: क्षमता आणि कृती. बीज ही क्षमता, वृक्ष ही तिची पूर्ती. पण त्याच तत्त्ववेत्त्याने याहून सूक्ष्म असा एक भेद केला आहे आणि तो आपल्याला येथे फार उपयोगी पडतो. तो म्हणतो, जाणकार हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो. एक, जो अजून शिकलेला नाही, पण शिकू शकेल. दोन, जो शिकलेला आहे, पण या क्षणी आपली विद्या वापरीत नाही. तीन, जो या क्षणी ती वापरीत आहे. पहिला आणि दुसरा दोघेही बाहेरून सारखेच दिसतात, कारण दोघेही काही करताना दिसत नाहीत. पण त्या दोघांतील अंतर किती मोठे आहे! पहिल्याजवळ केवळ शक्यता आहे. दुसऱ्याजवळ वर्षानुवर्षांच्या कष्टाने अंगी बाणलेली विद्या आहे. तिच्यासाठी फक्त प्रसंग यायचा राहिला आहे.

पारावरचे दोन्ही पक्ष नेमके येथेच घसरतात. राखीव गड्याला नालायक म्हणणारा त्याला पहिल्या पायरीवर ढकलतो, जणू बाहेर बसला म्हणजे काही शिकलाच नाही. त्याची कैवार घेणारा एकदम तिसऱ्या पायरीवर चढवतो, जणू त्याने ते पराक्रम केलेच होते, फक्त कोणी पाहिले नाहीत. तो मनुष्य खरोखर जेथे उभा आहे त्या दुसऱ्या पायरीकडे कोणीच पाहत नाही.

ही दुसरी पायरी रिकामी नसते, हे जुन्नरच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे आहेत. त्यांतले पाणी कालव्यात सोडलेले नसते तेव्हा ते निरुपयोगी आहे असे कोणी म्हणत नाही. पाणी धरणात आहे म्हणून तर पुढील आवर्तनाचा विचार करता येतो, आणि त्या भरवशावर शेतकरी पीक घेतो. संघाचेही तसेच आहे. कोपऱ्यातला भरवशाचा गडी अंग झोकून पकड करतो, कारण तो जायबंदी झाला तर मागे कोणीतरी उभा आहे. चढाईपटू ज्या चपळाईने टाळ्या घेतो ती चपळाई त्याने सरावात याच राखीव गड्यांच्या पकडी चुकवून कमावलेली असते. नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. तमाशाच्या फडात मागे उभा राहून सूर धरणाऱ्या झीलकऱ्याकडे प्रेक्षक फारसे पाहत नाहीत. पण त्याचा सूर सुटला की पुढच्या गायकाचा गळा उघडा पडतो, हे रसिकाला लगेच कळते. राखीव गडी हे काम रोज करतो. फरक एवढाच की त्याचा सूर ऐकायला तिकीट काढून कोणी आलेले नसते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. खेळ म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे निवाडा. सर्वांना खेळवता येत नाही. मग प्रशिक्षकाने दया म्हणून संघ निवडावा काय? आणि प्रेक्षकाने तोंड शिवून बसावे काय?

मुळीच नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य निवाड्यासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: न्यायाची बुद्धी, निवाडा करण्याचा अधिकार, आणि विवेक. यांपैकी विवेक सुटला आणि संशयास्पद किंवा झाकलेल्या गोष्टींवर हलक्या पुराव्याने निकाल दिला, तर त्याला ते उतावळा निवाडा म्हणतात, आणि त्यात दोष पाहतात. ही कसोटी लावून पाहू. प्रशिक्षकाला अधिकार आहे. त्याने सराव पाहिला आहे. आणि मुख्य म्हणजे तो जे ठरवतो ते मर्यादित असते: आज, या प्रतिपक्षासमोर, या सात जागांवर कोण हवे? शिवलकरांना न घेता बेदींना घेणाऱ्यांनी बेदींची निवड केली. शिवलकर कमी प्रतीचे गोलंदाज आहेत असा निकाल त्यातून आपोआप निघत नाही. एका जागेचा प्रश्न आणि एका माणसाच्या योग्यतेचा प्रश्न हे निरनिराळे आहेत. पहिल्याचे उत्तर हाती घेऊन आपण दुसऱ्याचे उत्तर म्हणून ते गावभर फिरवतो, तेव्हा उतावळेपणा सुरू होतो.

प्रेक्षकालाही मत असावे. जी चढाई डोळ्यांनी पाहिली तिच्याविषयी त्याने खुशाल बोलावे. पाय कमी पडला, पकडीची वेळ चुकली, बोनसच्या मोहात गडी गेला, हे सांगण्यात कोणावरही अन्याय नाही. अन्याय होतो तो न पाहिलेल्या चढाईविषयी खात्रीने बोलण्यात. शंका असेल तेथे माणसाविषयी चांगला अर्थ घ्यावा, असे अक्वायनस सांगतात. चांगला समज करून घेऊन अनेकदा फसलो तरी चालेल, पण वाईट समज करून घेऊन एकाही निरपराध माणसाला दुखवू नये, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

एवढ्यावर थांबलो तर दुसरा पक्ष, म्हणजे स्तुती करणारा, सुखाने घरी जाईल. पण मला त्याच्याविषयीही काही म्हणायचे आहे. "संधी मिळाली असती तर तो थोर झाला असता" हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, यात शंका नाही. तरीही ते एक प्रकारचा अन्याय करते. त्या वाक्यात त्या माणसाचे न घडलेले आयुष्य खरे ठरते आणि घडलेले आयुष्य म्हणजे नुसता तोटा. मुझुमदार यांच्या ११,१६७ धावा कोणी स्वप्नात काढल्या नव्हत्या. उन्हातान्हात, निरनिराळ्या मैदानांवर, एकेक करून काढल्या होत्या. शिवलकरांचे ५८९ बळी खरेखुरे फलंदाज होते. त्यांचा उल्लेख निघताच हळहळून मान हलवणारा रसिक त्या धावांकडे आणि त्या बळींकडे बघतच नाही. तो मोकळ्या राहिलेल्या एका चौकटीकडे बघतो. हेटाळणी माणसाला खाली ओढते, तर अशी कीव त्याच्या आयुष्यावरून नजर फिरवून घेते. दोघींच्याही लेखी त्याने केलेले काम शून्यच.

मुझुमदार यांच्या कथेला पुढे एक वळण मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या विजयात आपल्या विषयाचे आणखी एक उदाहरण दडलेले आहे. शफाली वर्मा स्पर्धेसाठी निवडलेल्या मूळ १५ जणींत नव्हती. प्रतिका रावळ ही सलामीची फलंदाज क्षेत्ररक्षण करताना जायबंदी झाली म्हणून शफालीला बोलावणे आले, आणि अंतिम सामन्यात ८७ धावा व २ बळी घेऊन ती सामन्याची मानकरी ठरली. स्पर्धेत ३०० हून अधिक धावा काढलेली प्रतिका त्या दिवशी चाकांच्या खुर्चीत बसून विजयसोहळा पाहत होती. आत कोण आणि बाहेर कोण, यांतले अंतर एका मुरगळलेल्या पायाएवढे असते.

त्या रात्री अनेकांनी म्हटले की अखेर मुझुमदार यांना न्याय मिळाला. त्यामागचा आनंद मला समजतो; ते वाक्य मात्र मी जपूनच वापरीन. विश्वचषक मिळाला म्हणून त्यांची आधीची वर्षे सार्थ झाली असे मानले, तर ज्याच्या वाट्याला असा चषक कधीच येत नाही त्याची वर्षे व्यर्थ ठरतात. मग शिवलकरांना काय सांगणार? यश हा योग्यतेचा पुरावा असू शकतो. यशाचा अभाव हा अयोग्यतेचा पुरावा नव्हे. हे आपण तर्काने मान्य करतो आणि व्यवहारात विसरतो.

नव्या करारात अशीच एक व्यक्ती आहे आणि तिच्यावर प्रवचने क्वचितच होतात. यहूदाच्या मृत्यूनंतर प्रेषितांची रिकामी जागा भरायची होती. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून शेवटपर्यंत जो बरोबर राहिला असेल असाच माणूस हवा, अशी अट पेत्राने घातली. या कसोटीला दोघे उतरले: मत्थिया आणि युस्त या नावानेही ओळखला जाणारा योसेफ बर्सबा. चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. मत्थियाचा सण आपण साजरा करतो. बर्सबाचे पुढे काय झाले याविषयी प्रेषितांची कृत्ये हा ग्रंथ एक अक्षरही लिहीत नाही. पण ज्या अटीवर त्याचे नाव पुढे आले ती अट त्याने पूर्ण केली होती. तो सारा काळ बरोबर होता, आणि चिठ्ठी दुसऱ्याची निघाल्यामुळे ते बरोबर असणे पुसले गेले नाही. लेखकाने त्याच्याविषयी ना तक्रार नोंदवली, ना हळहळ. फक्त त्याचे नाव नोंदवले. राखीव माणसाविषयी कसे बोलावे याचा हा एक उत्तम नमुना म्हणता येईल.

हे सारे खेळापुरते असते तर एवढा शब्दविस्तार केला नसता. पण आपल्या या दोन तालुक्यांत घरोघर बाहेर बसलेली मुले आहेत. कोणी पोलीस भरतीत एका गुणाने मागे राहिला आहे, कोणी लष्करभरतीच्या धावेत दोन सेकंदांनी. कोणाचे नाव स्पर्धा परीक्षेच्या प्रतीक्षा यादीत आहे आणि ती यादी पुढे सरकतच नाही. पुण्यातील खोली सोडून, पुस्तकांचे गठ्ठे घेऊन ती गावी परततात आणि कांद्याच्या आरणीजवळ किंवा टोमॅटोच्या तोडणीला उभी राहतात, तेव्हा पारावरचे ते दोन पक्ष तेथेही हजर असतात. एक म्हणतो, "जमणारच नव्हते त्याला." दुसरा म्हणतो, "वशिला असता तर आज साहेब झाला असता." आईबापही नकळत यांपैकी एका बाजूला जाऊन बसतात. त्या मुलाने चार वर्षे पहाटे उठून जे कमावले, ती शिस्त, तो अभ्यास, ते शरीर, ते कोणत्याच हिशेबात धरले जात नाही. आणि गाव ज्याला धरीत नाही ते मूलही हळूहळू धरीनासे होते. अशा मुलाच्या मनात काय काय येऊ शकते हे धर्मगुरूला, शिक्षकाला आणि आईला ठाऊक असते.

आपला हा परिसर द्राक्षांचा. नारायणगावसारख्या बाजारगावी सकाळी मजूर कामाची वाट पाहत उभे असतात, त्यामुळे द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त आपल्याला परका वाटू नये. त्यातील मजुरीविषयी पुष्कळ बोलले जाते. पण मजुरी ठरण्याआधीची एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. दिवस मावळतीला आला असताना धनी चौकात जातो, तेथे उभ्या असलेल्यांना पाहतो आणि त्यांना विचारतो, की तुम्ही दिवसभर येथे का उभे आहात? ते सांगतात, की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. त्यावर धनी वाद घालीत नाही. तुमच्यात काहीतरी उणे असेल असे म्हणत नाही, आणि अरेरे, केवढा अन्याय, असेही म्हणत नाही. त्यांचे उत्तर खरे मानतो आणि त्यांना मळ्यात पाठवतो.

विचारणे, उत्तर खरे मानणे आणि काम सोपवणे, एवढ्या तीन गोष्टी गावाला करता येण्यासारख्या आहेत. संघ सोडून आलेल्या गड्याला "तुला का खेळवले नाही?" असे विचारण्याऐवजी "तू तिकडे काय शिकलास?" असे विचारावे, आणि त्याचे उत्तर ऐकून झाल्यावर गावातल्या लहान मुलांचा सराव त्याच्या हाती द्यावा. त्याचे भवितव्य काय, हे पारावर ठरवण्याची गरज नाही. ते त्याचे त्याला, सावकाश, ठरवू द्यावे.